डनक्विनला गेलो, बेट राहिलंच

काल डनक्विनला जाऊन आलो. आयर्लंडमधल्या केरी परगण्याच्या पार पश्चिम टोकाला, डिंगल गावाच्याही पुढे. गाव म्हणावं तर चार घरं इकडे, दोन तिकडे, मध्ये दगडी गडगे आणि मेंढ्याच मेंढ्या. गडगे अगदी आमच्या कोकणातल्यासारखे, बिनचुन्याचे! त्यांच्या कडेने लालभडक फ्युशिया. तिच्या फुलांना आयरिशमध्ये 'देवाचे अश्रू' म्हणतात.

खरं तर जायचं होतं बोटीने ग्रेट ब्लास्केट बेटावर. समुद्र खवळलेला, फेरी रद्द. पाच तास गाडी चालवून आल्यावर चिडचिड होणारच ना! तरी धक्क्याकडची ती नागमोडी वाट उतरलो. छत्री दोनदा उलटी झाली, मग मिटूनच टाकली.

बेट समोरच, जेमतेम दोन किलोमीटर. वर कड्यावरून पडक्या घरांच्या भिंतीसुद्धा दिसतात. १९५३ साली तिथल्या उरल्यासुरल्या लोकांना सरकारने इकडे आणलं. हवा बिघडली की दिवसचे दिवस ना डॉक्टर, ना वाणसामान. माझी एक सहल हुकली, आणि मी तिकिटाच्या पैशांवरून कुरकुरत होतो.

परतताना रस्ता चुकलो. पाट्या सगळ्या आयरिशमध्ये. विचारायला समोर फक्त एक मेंढी, तीही रस्ता अडवून.