चप्पल लाइन आणि ‘लास्ट’

बूट ज्या पावलाच्या आकाराच्या फर्म्यावर चढवून बांधतात, त्याला इंग्रजीत ‘लास्ट’ म्हणतात. आपली कोल्हापुरी उघडी वहाण. मापाचा तळ कापायचा, कान, म्हणजे बाजूच्या चामडी पट्ट्या, दोन तळांच्या मध्ये घालून शिवायचे, वर पट्टा आणि अंगठ्याची वादी. वरचा भाग फर्म्यावर ताणून बसवायची भानगडच नाही. त्यामुळे कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या गल्लीत, चार पिढ्या काढलेल्या माणसालाही हा ‘लास्ट’ शेवटचाच वाटेल!

पण शेवटच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ‘लास्ट’ म्हणजे पावलाचा ठसा, माग. त्यावरून बुटाचा फर्मा. त्याच घराण्यातलं ‘लॅस्टन’ हे क्रियापद: मागावर चालणं, पार पाडणं, आणि पुढे टिकणं. चप्पल दोन वर्षं ‘लास्ट’ होते ती अशी. ‘लर्न’सुद्धा याच मुळाचं, शिकणं म्हणजे माग काढणं, छानच आहे हे.

शेवटचा ‘लास्ट’ मात्र ‘लेट’चा भाऊ. ‘लाटोस्ट’ म्हणजे सगळ्यांत उशिराचा. मधला स्वर गळाला आणि उच्चार फर्म्याच्या ‘लास्ट’सारखाच झाला.

तिसरा ‘लास्ट’ ओझ्याचा, मूळ ‘ह्लॅस्ट’. पूर्वी हे मापही होतं: लोकरीचा एक लास्ट म्हणजे 12 पोती. रुळांखालच्या खडीला ‘बॅलास्ट’ म्हणतात, त्याच्या शेपटीत हाच बसलाय.

भाषांतरात घोळ होतो तो इथे: चांभाराने आपल्या ‘लास्ट’ला धरून राहावं, म्हणजे आपल्याला येतं तेच काम करावं, या इंग्रजी म्हणीत ‘शेवटपर्यंत’ घातलं की म्हण मेली. शब्दकोशात पहिल्याच नोंदीवर थांबू नका; खालच्या नोंदी वेगळ्या मुळांच्या असू शकतात.