गच्चीवरची हायब्रीड काकडी आणि आज्जी

आमच्या घरात हायब्रीड हा शब्द शिवीसारखाच निघतो. टोमॅटोला चव नाही, हायब्रीड. पोराला महिन्यात दुसऱ्यांदा सर्दी झाली, "हायब्रीड पिढी हाय ही, काय टिकायची". हे सगळं आज्जीचं. वय पंच्याऐंशीच्या पुढं, माहेर मंगळवेढ्याकडचं, आणि ज्वारीच्या बाबतीत तिच्यापुढं कुणाचं काही चालत नाही. त्यामुळं दोन वर्षांपूर्वी मी गच्चीवर ग्रो बॅगा मांडल्या आणि काकडीच्या बियांचं पाकीट फोडलं तेव्हा तिनं खुर्चीवरूनच विचारलं, "काय लावायलास रं?" म्हटलं काकडी. "गावरान का?" म्हटलं नाही, हायब्रीड. मग दोन दिवस बोलणंच नाही.

तिचा राग कशावर आहे ते आधी सांगतो. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही आपल्या देशातली पहिली हायब्रीड ज्वारी आली, पुढं दुष्काळाच्या वर्षांत ती गावोगाव पोचली, आज्जी म्हणते ७२ च्या दुष्काळानंतर त्यांच्याकडंही आली. कणसं भरगच्च, उत्पन्न दुप्पट, पण ती खरीपातली, दाणा भरायच्या वेळंला पाऊस लागला की बुरशी धरायची आणि काळी पडायची. अशा दाण्याची भाकरी तिनं खाल्लीय. ज्या बाईनं मालदांडी ज्वारीची पांढरीशुभ्र भाकरी खाल्लीय, जी मालदांडी आपल्याच सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रावर निवडली गेली आणि ज्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या ताटात ती काळी भाकरी आली तर ती हा शब्द जन्मात विसरणार नाही, आणि तिचं बरोबरच आहे. पण त्याच ज्वारीनं त्या वर्षांत लाखो पोटं भरली हेही तितकंच खरं. आणि काकडीचा यात काही दोष नाही हे मला तिला दाखवायचं होतं, वाद घालून नाही, ताटात वाढून.

पहिल्या वर्षी मात्र तिचंच खरं झालं. मी मार्चच्या शेवटी बी लावलं. सोलापुरात राहून मार्चच्या शेवटी काकडी लावायची नसते हे आता कळतं. वेल चढले, एप्रिलमध्ये पिवळ्या फुलांनी जाळी भरून गेली, शेजारचे काका रोज बघून जायचे, आणि पंधरा दिवसांत सगळी फुलं गळून खाली, एक काकडी नाही. काका म्हणाले वांझ फुलं आहेत. ती वांझ नव्हती, नर होती. काकडीच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात, नर आधी येतात, आणि मादी फूल ओळखायला सोपं, पाकळ्यांच्या मागं करंगळीच्या पेराएवढी लवदार इवलीशी काकडी असते. नर फुलामागं नुसता बारीक देठ. ऊन कडक आणि दिवस मोठा असला की वेल नर फुलं जास्त काढतो, हवा जरा गार आणि दिवस लहान असला की मादी वाढतात. चाळीसच्या पुढं पारा गेला की परागही नीट काम करत नाहीत. म्हणजे मी वेलाला अगदी उलट्या हंगामात उभं केलं होतं.

शेवटी चार काकड्या लागल्या त्या विषासारख्या कडू. आज्जीनं पहिल्या फोडीला तोंड वाकडं केलं आणि फक्त माझ्याकडं बघितलं. मला खूप वाईट वाटलं होतं त्या दिवशी, खोटं कशाला सांगू.

कडूपणाचं कारण शोधायला लागलो तर ते बियाण्यात नव्हतं, आमच्या पाण्यात होतं. काकडीच्या वेलात कुकरबिटासिन नावाचं कडू द्रव्य मुळातच असतं, पानांत तर असतंच, पण वेलाला उन्हाचा आणि पाण्याचा ताण बसला की ते फळात उतरतं. आता आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं हे सोलापूरकरांना सांगायची गरज नाही. पाणी आलं त्या दिवशी मी बॅगा भिजेपर्यंत पाणी द्यायचो, मग दोन दिवस बरं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ड्रमातलं पाणी घरात लागतंय म्हणून वेलाला तांब्याभर. पानं दुपारी लोंबायची, संध्याकाळी परत उभी राहायची, मला वाटायचं उन्हानं होतंय. काकडीत पंच्याण्णव टक्के पाणीच असतं, तिला असं कधी भरपेट कधी उपाशी ठेवलं तर ती गोड कशी लागणार. (ते टोक कापून घासून फेस काढायचं असतं ना, आज्जी अजून करते. फेसापेक्षा टोक कापल्याचा फायदा जास्त, कारण कडूपणा देठाकडच्या भागात आणि सालीखाली जास्त असतो. देठाकडची दोन बोटं कापून टाकली की बऱ्याचदा काम होतं.)

दुसऱ्या वर्षी मी संक्रांत होऊ दिली, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा फिरून आलो आणि मग जानेवारीच्या शेवटी बी टोचलं. थंडी ओसरायला लागलेली असते, आठवड्याभरात उगवतं, आणि फुलं-फळं फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे खरा उन्हाळा पेटायच्या आत बहुतेक तोडणी होऊन जाते. पाकिटावर पहिली तोडणी चाळीस ते पंचेचाळीस दिवसांत लिहिलं होतं, मला सत्तेचाळीस लागले.

बियांबद्दल दोन गोष्टी. कृषी सेवा केंद्रात दहा ग्रॅमचं पाकीट मिळतं, त्यात तीनशेच्या वर बिया असतात, गच्चीला लागतात बारा. उरलेल्या मी गल्लीतल्या तीन घरांत वाटल्या आणि बाकीच्या डबीत घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवल्या, पुढच्या वर्षीही उगवल्या. आणि त्या बियांना रंगीत औषध चोळलेलं असतं, म्हणून लावून झालं की हात साबणानं धुवायचे, पोराला हात लावू द्यायचा नाही, भिजत घालत बसायचं नाही.

बॅग पंधरा बाय पंधरा इंचाची. नुसती आपली काळी माती भरली तर ती ओली असताना चिखल आणि वाळली की दगड, भेगा पडून मुळं तुटतात, म्हणून एक वाटा काळी माती, एक वाटा कुजलेलं शेणखत, एक वाटा कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड. एका बॅगेत दोन बिया, अर्धा इंच खोल, नंतर जोरदार रोप ठेवायचं, दुसरं कात्रीनं कापायचं, उपटायचं नाही.

पाण्यावर यावेळी जीव तोडून काम केलं. प्रत्येक बॅगेत मधोमध एक छोटं कच्च्या मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं, वर झाकणी. मडकं भरून ठेवलं की पाणी हळूहळू झिरपतं, मुळं बरोबर तिकडं जातात, शेवटी वेल काढला तेव्हा मडक्याभोवती पांढऱ्या मुळांची जाळी विणल्यासारखी झाली होती, मी ती बराच वेळ हातात धरून बघत बसलो. आणि मातीवर तीन बोटं कडब्याची कुट्टी पसरली. दूधवाल्याकडून पिशवीभर आणली, आज्जीनं हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, "मालदांडीचा कडबा हाय." म्हणजे हायब्रीडच्या मुळाशी मालदांडी, तेवढ्यावर जरा नरमली. मार्चमध्ये एका बॅगेला सकाळी दोन लिटर आणि संध्याकाळी एक असं मोजून पाणी, एकही दिवस न चुकता. त्या हंगामात एकही काकडी कडू निघाली नाही.

फुलं आली तेव्हा गच्चीवर मधमाश्या फारशा दिसेनात, म्हणून मी हातानं परागीकरण केलं. सकाळी साडेसात-आठच्या सुमाराला ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या, आतला पिवळा दांडा उरतो तो मादी फुलाच्या मधोमध हलकेच दोन-तीनदा फिरवायचा. फूल एकच दिवस उमलतं, दुपारपर्यंत वेळ गेली. नीट झालं तर तीन दिवसांत मागची इवली काकडी फुगायला लागते, नाही झालं तर टोकाकडून पिवळी पडते. हे करताना आज्जी बाजूला बसलेली, तिला म्हटलं, हायब्रीड म्हणजे एवढंच असतं बघ. एका जातीच्या फुलावर दुसऱ्या जातीचा पराग, दुसरं काही नाही. कर्नाटकात राणेबेन्नूरला, आपल्याकडं देऊळगाव राजाला, शेतात बायका असंच एकेक फूल हातानं करतात भाज्यांच्या बियाण्यासाठी, म्हणून ते बी महाग. औषध टोचून केलेलं नसतं. ती म्हणाली, "म्हंजे सोयरीकच की." मी म्हटलं हो, सोयरीकच.

थ्री जी कटिंगचे व्हिडिओ सगळे बघतात, शेंडा मारा, मग फांदीचा शेंडा मारा, मग मादी फुलं वाढतात म्हणून. साध्या जातीत त्याला अर्थ आहे, तिथं मादी फुलं फांद्यांवर जास्त येतात. पण बऱ्याच नव्या हायब्रीडमध्ये मुख्य वेलावरच पेरापेराला मादी फूल येतं, तिथं शेंडा मारणं म्हणजे हातचं पीक मारणं. मी दोन वेलांना केलं आणि चार सोडले, सोडलेल्यांनी जास्त दिलं. पाकीट वाचा, मग कात्री घ्या.

आणि पॉलिहाऊससाठीचं बिनबियांच्या काकडीचं बी मिळतं, त्याला परागीकरण लागतच नाही. मला ते पटलं नाही, चव पाणचट वाटली, पण ज्यांच्याकडं एकही माशी फिरकत नाही त्यांनी लावून बघावं.

फळमाशीनं मात्र रडवलं. कोवळ्या काकडीवर टाचणीएवढा ठिपका, त्यातून डिंक, आणि आठवड्यात काकडी वाकडी होऊन आतून सडलेली. एका दुकानातून सापळा आणला, आठ दिवस टांगला, एक माशी नाही. मग कळलं की मला आंब्याच्या माशीला भुलवणारी गोळी दिली होती, मिथाइल युजेनॉलची. वेलभाज्यांच्या माशीला क्यू ल्युअर लागतं. गोळी बदलल्यावर दोन दिवसांत डबीच्या तळाशी माश्यांचा थर. तिथं फक्त नर अडकतात, म्हणून डंख मारलेली फळंही वेळच्या वेळी तोडून पिशवीत बांधून टाकायची, तिथंच पडू द्यायची नाहीत. आणि भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, आली म्हणून मी गंधक फवारलं भर उन्हात, पानांच्या कडा जळाल्या. वेलवर्गाला उन्हात गंधक सोसत नाही, एवढं लक्षात ठेवा.

सहा वेलांनी मार्चच्या मध्यापासून रोज दोन-तीन काकड्या दिल्या. वीतभर झाली की तोडायची, लोभानं ठेवली तर वेल नवी धरत नाही. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही आणि शेजारी काकडीच्या फोडी, नुसतं मीठ लावून. आज्जीनं पहिल्या दिवशी दोन फोडी खाल्ल्या, तिसरी मागितली, आणि म्हणाली, "वाळकाची चव न्हाई ह्याला. पण ग्वाड हाय." शेतातल्या वाळकाशी, म्हणजे गावरान काकडीशी, तुलना झाली हेच मला खूप होतं.

मग तिनं मला न विचारता एक काकडी वेलावरच सोडली. पिवळी होऊन तडकेपर्यंत. बिया काढल्या, धुतल्या, राखेत घोळून वाळवल्या. मी सांगितलं, आज्जी, हायब्रीडचं बी धरत नाहीत, दोन घरची सोयरीक आहे, पुढच्या पिढीत सगळी वेगवेगळी निघतील, बी धरायचंच असेल तर राहुरी विद्यापीठाची हिमांगी किंवा शुभांगी लावू, त्या सरळ जाती आहेत, आईसारखंच पीक येतं. ती म्हणाली, "येगळी निघू दे की. एका घरातली पोरं तरी सारकी असत्यात का?"

या जुलैत तिच्या बियांना पाच बॅगा दिल्या. आणि खरंच पाच वेल पाच तऱ्हेचे. एक आखूड आणि जाड, एक पार फिकट, एकाच्या अंगावर काटे, एकानं नुसती नर फुलं काढली, आणि एकाची काकडी पाकिटातल्यापेक्षाही कुरकुरीत. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला कोशिंबीर त्या फिकट काकडीची झाली, सालीसकट किसून, वर शेंगदाण्याचा कूट. कुरकुरीत वेलाला मात्र तिनं हात लावू दिला नाही. पहिल्या तीन काकड्या तोडल्या, चौथी ठेवलीय, ती आता पिवळी पडायला लागलीय. अशी निवड सहा-सात पिढ्या करत गेलं की वाण स्थिर होतो, हे मी वाचलंय, तिला कुणी सांगितलेलं नाही. त्या काकडीच्या देठाला तिनं लाल दोरा बांधलाय, चुकून कुणी तोडू नये म्हणून.