कागदावरून कधी गाणे येते का?

मैफिलीनंतर चहा घेताना रसिक विचारतात आणि मुलांना शिकवणीला घालायला आलेले पालक तर हमखास विचारतात, की गुरूंसमोर बसून शिकलेला माणूस विद्यार्थ्यांना आधी भातखंडे स्वरलिपी, म्हणजे गाणे खुणांनी कागदावर लिहायची पद्धत, वाचायला का लावतो. कागदावरून कधी गाणे येते का? येत नाही. हे मी दर वेळी सांगतो, तरी प्रश्न संपत नाही, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

लिपी अवघड नाही. स्वराखाली आडवी रेघ असेल तर तो कोमल, मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ असेल तर तो तीव्र. टिंब खाली असेल तर मंद्र म्हणजे खालचे सप्तक, वर असेल तर तार म्हणजे वरचे. स्वरांखाली बोल आणि त्यांच्याखाली तालाच्या खुणा असतात, समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, फुली आणि खालीला, म्हणजे टाळी न देता हात सोडायच्या मात्रेला, शून्य. एका मात्रेत दोन-तीन स्वर बसवायचे असतील तर त्यांच्याखाली चंद्रकोर काढतात. कंसात एकटा (प) दिसला की धपमप म्हणायचे असते, पण नवशिके पंचम लावून खुशाल पुढे जातात. सा कोणत्या पट्टीचा हे कागद सांगत नाही. काळी चार की पांढरी दोन, हे ज्याच्या त्याच्या गळ्यावर. गाणे असे लिहिणे ही परकी उसनवारी आहे असेही काही जण म्हणतात; त्यांनी भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग एकदा चाळावेत. संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंड्यांनी (१८६०–१९३६) घराण्यांतून मिळवलेल्या शेकडो चिजा, म्हणजे बंदिशी, त्यांत आहेत. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनीही स्वतःची वेगळी लिपी केली होती.

तरीही शिकत असताना मी वही घेऊन येणाऱ्यांना हसत असे, आणि तो मी आजही पूर्ण चुकीचा होतो असे मला वाटत नाही. भीमपलासी रागाचा गंधार आणि दरबारी रागाचा गंधार कागदावर सारखेच दिसतात, दोन्हींखाली तीच आडवी रेघ. दरबारीत त्याला किती झुलवायचे, कुठे सोडायचे, हे ऐकल्याशिवाय कळत नाही.

गुरुजी गेल्यानंतरच्या पहिल्या पुण्यतिथीला आम्ही तिघांनी त्यांनीच बांधलेली दरबारीतली मध्यलय तीनतालातली चीज एकत्र गायचे ठरवले. तालमीत गुरुबंधूने मुखडा, म्हणजे समेवर येणारी सुरुवातीची ओळ, खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उचलला आणि मी सातव्या मात्रेपासून. दोनदा समेवर आपटल्यावर त्याने पेटी थांबवली. ‘मला गुरुजींनी समोर बसवून दिली आहे’, असे तो म्हणाला. मलाही त्यांनी समोर बसवूनच दिली होती. बोलणे वाढले. कोणाला किती वर्षे मिळाली, कोण केवळ परीक्षेपुरते येत होते, इथपर्यंत ते गेले. शेवटी काकूंनी आतून गुरुजींची वही आणून दिली. कागदावर गाणे नसते असे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाने चीज स्वच्छ अक्षरात, खण पाडून, बोलांपुढे लांबवण्याची खूण असलेले अवग्रह देऊन लिहून ठेवली होती. वाचता येत होते ते मला एकट्याला. मी मात्रा मोजत मोठ्याने वाचले: मुखडा सातवीपासून. गुरुबंधू काही बोलला नाही. पण वहीत अंतऱ्याचा उठाव, म्हणजे सुरुवात, मपधनिसां असा सरळ होता आणि तसा आमच्यापैकी कोणीच गात नव्हते. तिघेही निषादाचा कण, म्हणजे निसटता स्पर्श, घेऊन धैवतावर थांबत होतो. मग आमच्यातली सर्वांत ज्येष्ठ गुरुभगिनी हळूच म्हणाली, ‘ही वही जुनी आहे रे. त्यानंतर त्यांनी मला दोन्ही मुखडे दिले होते.’

म्हणजे वहीने निकाल दिला होता तो एका काळच्या गाण्याचा, आणि मी तो साऱ्या गाण्याचा म्हणून वाचून दाखवला होता. पण वही नसती तर तो सरळ उठाव आमच्यातल्या कोणालाच कधी कळला नसता, हेही मला सोडवत नाही. त्या वर्षी ती चीज आम्ही गायलोच नाही.

गुरुबंधू आता बोलतो, पण म्हणतो, ‘तुला वाचता आले नसते तर आपण भांडून का होईना, एकत्र गायलो असतो.’ मला ते पटत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत मी दोन्ही मुखडे आणि दोन्ही उठाव लिहून देतो, आणि गंधार शिकवताना वही मिटायला सांगतो. येत्या पुण्यतिथीला कोणता मुखडा घ्यायचा, हे अजून ठरलेले नाही.