पाणंदीतून मोजलेलं अंतर

परमिट रूमच्या फाइलीत सगळ्यात जास्त वाद होतो तो अंतरावरून. राज्य उत्पादन शुल्क खात्यात दुय्यम निरीक्षक असताना अशा बऱ्याच फाइली माझ्या हातून गेल्या, पण मालवण तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावातली पाहणी आजही लख्ख आठवते.

अर्जदार मुंबईत हॉटेलात वर्षानुवर्षं राबून गावी परतलेले. आधी घराच्या पडवीत थाळी सुरू केली, मग कर्ज काढून शेजारी चिऱ्याची इमारत उभी केली. सुरमईची थाळी नावाजलेली. पण पर्यटक बसले की पहिला प्रश्न बिअरचा, आणि नाही म्हटलं की अर्धी माणसं उठून पुढच्या हॉटेलात. म्हणून एफएल-३ चा, म्हणजे परमिट रूमच्या परवान्याचा, अर्ज. कागदपत्रं चोख होती. महामार्ग गावापासून लांब, त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निकालातल्या महामार्गापासूनच्या ज्या ५०० मीटरनी कित्येक बारमालकांची झोप उडवली, तो प्रश्नही इथे नव्हता. राहिली ७५ मीटरची अट: शाळा, धार्मिक संस्था किंवा एसटी स्थानक त्याच्या आत असता कामा नये. जोडलेल्या नकाशात जिल्हा परिषदेच्या शाळेचं अंतर होतं ११२ मीटर.

आम्ही पोचलो तेव्हा निम्मं गाव जमलेलं. हरकत घुमटीवरून, म्हणजे छोट्याशा देवळीवरून होती. हॉटेलासमोरच पिंपळाखाली ब्राह्मणदेवाची घुमटी, हाकेच्या अंतरावर. लोक तावातावाने बोलत होते आणि मला त्यांना समजावून सांगावं लागलं, की नियमात जे देऊळ धरतात ते सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असावं लागतं. या घुमटीची धर्मादाय कार्यालयात नोंद नाही. हे सांगताना मला बरं वाटत नव्हतं. ज्या देवाला विचारल्याशिवाय गावात कोणी होडी पाण्यात लोटत नाही, तो कागदावर नाही म्हणून मोजायचा नाही. पण नियम तसा आहे, आणि अर्जदाराचाही त्यावर हक्क आहे.

मग आमच्या खात्याच्या जवानाने हॉटेलच्या दाराच्या मध्यावर टेप धरली आणि आम्ही डांबरी रस्त्याने निघालो. तेवढ्यात सुकी मासळी उलथणारी एक आजी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“साहेबानू, रस्त्यान खंय चाललात? पोरां ह्या पाणंदीतसून जातत. रस्त्यान कोण जाता?”

दोन गडग्यांमधली जेमतेम माणूसभर रुंदीची पाणंद. नकाशात ती नव्हतीच. आत शिरलो तर माती घट्ट तुडवलेली, कडेला चॉकलेटचे कागद, एका ठिकाणी गडग्याचे दगड पोरांच्या उड्यांनी ढासळलेले. पाणंद संपते तिथे शाळेच्या कंपाउंडचं लहान लोखंडी फाटक. कडीला हात लावला, तर हाताळून हाताळून ती गुळगुळीत झालेली.

नियम सांगतो की अंतर माणूस नेहमी चालतो त्या जवळच्या वाटेने, संस्थेच्या जवळच्या फाटकापर्यंत मोजायचं. मला हे वाक्य अख्ख्या नियमावलीत सर्वांत शहाणं वाटतं. हवाई अंतर नाही, गाडीचा रस्ता नाही. पायी चालणाऱ्याची वाट. ती कुठली, हे गावातलं माणूसच सांगू शकतं. टेप पुन्हा लावली. भरलं ६१ मीटर.

अर्जदारांचा चेहरा उतरला. “साहेब, दार समुद्राच्या बाजूला घेतलं तर?” विचारणं रास्त होतं, म्हणून तिथूनही मोजलं. अंगणाला वळसा घालून पुन्हा त्याच पाणंदीत यावं लागत होतं, ७० भरले. कोणीतरी पाणंदीचं तोंड बुजवायची कल्पना काढली. त्यावर आजी काही बोलायच्या आधी अर्जदारच म्हणाले, “नको. माझी पोरगीही ह्याच वाटेने शाळेत जाते.”

पंचनामा तिथेच ओट्यावर लिहिला. पाणंद, फाटक, दोन्ही मोजण्या, सगळं नोंदवलं. आजीचा जबाब घेतला, तिने अंगठा उठवला. अर्जदारांनीही वाचून सही केली आणि आम्हाला सोलकढी पाजल्याशिवाय सोडलं नाही. अर्ज नामंजूर झाला. इमारतीच्या कर्जाचे हप्ते मात्र चालूच होते, आणि ते ओझं मला त्या दिवशी परतताना वाटेभर जाणवत राहिलं.

पुढच्या हंगामात त्यांनी बंदराकडची दुसरी जागा भाड्याने बघून नव्याने अर्ज केला. जागा पक्की करण्याआधी आजूबाजूच्या सगळ्या पायवाटा त्यांनी स्वतः चालून पाहिल्या होत्या, आणि या वेळच्या नकाशात त्या सगळ्या काढलेल्या होत्या.