आइस्क्रीमचा कोन आणि आमच्याकडची हवा

विदर्भात वणीपासून चामोर्शीपर्यंत कोणत्याही यात्रेत सॉफ्टीच्या गाडीवर एकात एक खोचलेल्या कोनांची चळत दिसते. खाणाऱ्याचे लक्ष आइस्क्रीमकडे असते. विक्रेत्याला मात्र त्या चळतीचीच काळजी अधिक, कारण सादळलेला कोन गिऱ्हाईक हातात घेत नाही.

कोनाच्या जन्मामागे उष्ट्या भांड्याची अडचण होती. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर आइस्क्रीम जाड काचेच्या इवल्याशा पेल्यात मिळे. गिऱ्हाइकाने चाटून रिकामा केलेला पेला विक्रेता जेमतेम विसळून पुढच्याच्या हाती देई, आणि त्यातून रोग पसरतात या भीतीने १८९९ साली तिथे या पेल्यांवर बंदी आली. (आमच्या पंगतींत पळसाच्या पानांचा द्रोण असल्यामुळे हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.) अ‍ॅग्नेस मार्शल या इंग्रज पाककलातज्ज्ञ बाईंनी १८८८ मध्येच बदामाची पूड घालून भाजलेल्या, आइस्क्रीम भरता येईल अशा शंकूंची कृती दिली होती. पुढे मँचेस्टरच्या अँटोनिओ व्हालव्होना यांना १९०२ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या इटालो मार्कियोनी यांना १९०३ मध्ये खाता येणारे पेले भाजण्याच्या साधनांची अमेरिकी पेटंटे मिळाली.

तरीही सर्वत्र सांगितली जाते ती १९०४ च्या सेंट लुइस येथील जागतिक प्रदर्शनाची गोष्ट. अर्नेस्ट हामवी हा सीरियाहून आलेला विक्रेता तिथे झलाबिया नावाची पातळ, कुरकुरीत पोळी विकत होता. शेजारच्या आइस्क्रीमवाल्याची भांडी संपली, तेव्हा त्याने गरम झलाबिया शंकूसारखी गुंडाळून पुढे केली म्हणे. गोष्ट गोड आहे, पण त्याच प्रदर्शनातल्या आणखी काही जणांनी हाच मान आपल्याकडे घेतला, आणि पेटंटे तर त्याआधीचीच आहेत. त्या प्रदर्शनाने कोन लोकप्रिय केला, एवढेच श्रेय त्याला द्यावे, असे मला वाटते.

प्रकार मुख्यतः तीन. यात्रेत मिळतो तो वेफर कोन: मैद्याचे पातळ पीठ तापलेल्या साच्यात बंद केले की त्यातल्या पाण्याची वाफ होऊन पीठ फुगते आणि असंख्य बारीक छिद्रे राहतात. म्हणून तो हलका असतो, बेचव असतो आणि ओल चटकन शोषतो. शुगर कोन आणि आकाराने मोठा वॉफल कोन यांत साखर भरपूर असते. त्यांची चपटी चकती भाजून गरम असतानाच गुंडाळावी लागते, कारण चिक्कीप्रमाणेच ती गरम असेपर्यंत वाकते आणि निवाली की मोडते. हे गुंडाळण्याचे यंत्र पोर्टलंडच्या फ्रेडरिक ब्रुकमन यांनी १९१२ मध्ये बनवले. आतल्या ओलीवरचा उपाय १९५९ मध्ये नेपल्सच्या स्पिका कंपनीने काढला. कोनाला आतून तेल, साखर आणि चॉकलेट यांचा थर दिल्याने आइस्क्रीम भरून ठेवलेला कोनही कुरकुरीत राहू लागला.

आमच्याकडे या सगळ्याची परीक्षा हवा घेते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. हवा इतकी कोरडी असते की कोन उघड्यावरही कडक राहतो, पण आइस्क्रीम कोपरापर्यंत ओघळते. मृगाच्या सरी आल्या की नेमके उलटे होते, आणि विक्रेते कोन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू लागतात. खेड्यातल्या दुकानात फ्रीजरमधला चॉकलेटचा थर दिलेला कोन बारमाही मिळतो खरा, पण वीज तासन् तास गेली की आइस्क्रीम वितळते, पुन्हा गोठते, आणि थराला तडा गेलेला असेल तिथून ओल कोनात शिरते. असा कोन वेष्टनावरूनच टोकाशी हलकेच दाबून पाहावा. मऊ लागला तर दुसरा मागावा, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी.