आमची वाटचाल : पासपोर्ट फोटोपासून पैलवानाच्या कानापर्यंत

कोल्हापुरात शिवाजी पेठेतला आमचा स्टुडिओ वडिलांनी सत्तरच्या दशकात काढला. लाकडी फील्ड कॅमेरा, दोन मोठे दिवे, मागे रंगवलेला पडदा आणि आत लाल बल्बची डार्करूम, एवढंच भांडवल. त्या कॅमेऱ्याच्या काचेवर माणूस उलटा दिसायचा, डोकं खाली. चेहरा उलटा झाला की ओळख बाजूला राहते आणि नुसता उजेड-सावलीचा हिशोब दिसतो. कपाळ जास्त चमकतंय, हनुवटीखाली फार काळं पडलंय, हे लगेच कळतं. वडील काळ्या कापडात डोकं घालून बराच वेळ तेच बघत बसायचे. गिऱ्हाईक वैतागायचं.

रात्री रिटचिंग. निगेटिव्हवर सुरकुती पारदर्शक रेघ असते, म्हणून ती प्रिंटवर काळी उमटते. टोकदार पेन्सिलीने ती हलकेच भरली की प्रिंटवर फिकी येते. फिकी करायची, पुसायची नाही, हा वडिलांचा दंडक. "साठीच्या माणसाला तिशीचा केलास तर घरचे ओळखायचे नाहीत," म्हणायचे. फोनमधले फिल्टर त्यांनी बघितले नाहीत, बरंच झालं.

पुढे रंगीत फिल्म आली, मग डिजिटल, मग खिशाखिशात फोन. आसपासचे बरेच स्टुडिओ झेरॉक्स आणि मोबाईल रिचार्जकडे वळले. आम्ही तगलो ते पासपोर्ट फोटोवर. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना ते काम रटाळ वाटतं. मला विचाराल तर नजर तयार करायला त्याच्यासारखी शाळा नाही. 35 बाय 45 मिलिमीटरची चौकट, पांढरा पडदा, ठरलेले दिवे. बदलतो तो फक्त समोरचा चेहरा. त्यामुळे दिसायला लागतं, की यांचा डावा डोळा जरा बारीक आहे, यांचा एक खांदा उतरलाय, या काकू कॅमेरा दिसला की ओठ घट्ट मिटतात. अशांना एक लांब श्वास सोडायला सांगायचा आणि तो संपता संपता बटण दाबायचं. चष्म्यावर दिवा चमकत असेल, तर काड्या कानावरून किंचित उचलायच्या. काच खाली झुकते, चकाकी जाते.

सगळ्यात मोठी गोष्ट सावळ्या रंगाची. पांढऱ्या पडद्याला भुलून कॅमेरा एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, कमी करतो आणि चेहरा आहे त्याहून काळा येतो. आम्ही लाइट मीटर गालाजवळ धरून माप घेतो. "जरा गोरं करून द्या" म्हणणारे रोज भेटतात. उजेड नीट देतो, रंग बदलत नाही. काही गिऱ्हाईकं त्यापायी गेली. जाऊ देत.

लॉकडाऊननंतर लोकांच्या घरी, कामाच्या जागी जाऊन पोर्ट्रेट काढायला लागलो. आता निम्मं उत्पन्न त्यातून येतं. भर दुपारी टोपी-फेट्याची सावली डोळ्यांवर पडते, म्हणून माणसाला उंबऱ्याच्या आत, दाराकडे तोंड करून बसवतो. अंगणातला उजेड मऊ होऊन चेहऱ्यावर येतो, वर डोळ्यांत त्याचा ठिपकाही मिळतो. लेन्स 85 मिलिमीटरची आणि अंतर सहा-सात फूट. फोन तोंडाजवळ नेला की नाक मोठं आणि कान गायब, हे सेल्फी काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

आणि कान गायब होऊन आमचं चालत नाही, कारण आमची आवडती गिऱ्हाईकं तालमीतली आहेत. लढतींत रगडून रगडून पैलवानाचा कान सुजतो, मग तसाच गड्ड्यासारखा कडक राहतो. समोरून फोटो घेतला तर तो नीट दिसतच नाही. चेहरा थोडा वळवून, दिवा बाजूने लावला की कानाची प्रत्येक घडी उठून येते. अंगावर लाल माती असेल तर ती पुसू देत नाही. घामाने चमकणारं कपाळ मात्र टिपून घ्यावं लागतं, नाहीतर तिथे नुसता पांढरा डाग येतो.

स्थळाला दाखवायच्या फोटोवरून मात्र हमखास वाद होतो. आईला कान झाकलेला हवा असतो, पैलवानाला दिसलेला. वर्षानुवर्षं खाल्लेल्या मातीचं ते प्रशस्तिपत्रक, तो कसा लपवेल? आम्ही दोन्ही फोटो काढतो. आई पाकिटात घालून नेते तो समोरचा. मोठी फ्रेम करायला पोरगा दोन दिवसांनी एकटाच येतो.