श्रीखंडातली चारोळी आणि पातालकोट

पाडव्याच्या आदल्या दिवशी आईने चारोळी आणायला इथे इंदूरच्या सियागंजात पिटाळलं. दुकानदाराने शंभर ग्रॅमचा भाव सांगितला तो ऐकून मी आपली पन्नासच ग्रॅम घेतली, आणि घरी आल्यावर जी बोलणी खायची ती खाल्ली. "पन्नास ग्रॅम काय मुंग्यांना घालायची?" इत्यादी. पण भाव करताना दुकानदार एक वाक्य बोलून गेला होता, "छिंदवाड़े का माल है भैया, पातालकोट का", ते काही डोक्यातून जाईना.

आता छिंदवाडा आमच्या घरात नवीन नाही. मावशी सौंसरला दिलीय, त्यामुळे तिकडची संत्री, पांढुर्ण्याची गोटमार, बाजारात सरळ मराठीत चाललेली घासाघीस हे सगळं लहानपणापासून पाहिलंय. (२०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यातच गेलं, मावशी अजून छिंदवाडाच म्हणते.) पण ते झालं सपाटीचं, नागपूरकडचं टोक. पातालकोट ही खोल दरी उत्तरेला, सातपुड्यात, तामिया तालुक्यात, तिकडे आमच्यापैकी कोणी कधी गेलेलंच नाही. नेटवर बघायला गेलो तर एकसारखे व्हिडिओ. जिथे सूर्य उगवत नाही ते गाव, जिथल्या लोकांना बाहेर जग आहे हेच माहीत नव्हतं ते गाव, आणि मागे भुताच्या सिनेमाचं म्युझिक. म्हटलं बघूनच येऊ.

बरोबर येणारा मित्र आदल्या रात्री गळाला, हे नेहमीचंच. मी एकटाच नर्मदा एक्सप्रेसमध्ये बसलो आणि पिपरियाला अशा वेळी उतरलो की त्याला धड रात्रही म्हणता येत नाही आणि पहाटही. पिपरियाला उतरणारे सगळे पचमढीवाले. मटकुलीला फाटा लागतो, एक रस्ता पचमढीला वर जातो आणि दुसरा तामियाकडे, तिथे आमची जीप जवळजवळ रिकामी झाली. तामियाला चहा, कालची वाटावी अशी कचोरी, आणि चहावाल्याच्या ओळखीने खाली एका घरी दोन रात्री राहायची सोय. चहावाला म्हणाला की पाहुणा शहरातला आहे हे कळवलंय, म्हणजे जेवण लवकर मिळेल. याचा अर्थ मला नंतर कळला, तिकडे रात्री आठला सगळा ढाना झोपलेला असतो. ढाना म्हणजे वस्ती, वाडी म्हणा हवं तर.

रातेडच्या व्ह्यू पॉइंटवर उभं राहिलं की पहिली पाच मिनिटं खरंच काही बोलता येत नाही. जमीन एकदम संपते. घोड्याच्या नालेसारखी कड्यांची रांग आणि आत बारा-पंधराशे फूट खाली हिरवी कढई, त्यात कुठे कुठे टाचणीच्या डोक्याएवढी घरं. सगळं मिळून ७९ चौरस किलोमीटर आणि त्यात १२ गावं, राहणारे भारिया आणि गोंड. भारिया म्हणजे मध्य प्रदेशातल्या तीन विशेष मागास जमातींपैकी एक, बाकीच्या दोन बैगा आणि सहरिया. व्ह्यू पॉइंटला एक कुटुंब रील बनवत होतं, त्यातला मुलगा कॅमेऱ्याकडे बघून "यहाँ के लोग आज भी पाताल में रहते हैं" म्हणत होता, त्याच्या मागून एक बाई डोक्यावर गॅसचं सिलिंडर घेऊन निवांत खाली उतरत होती. तो टेक बहुतेक परत घ्यावा लागला असणार.

उतरायला काही ठिकाणी पायऱ्या आहेत, बाकी पायवाट. एका टोकाला दरीत गाडीचा रस्ता गेलाय, पण मी ज्या ढान्यात राहिलो तिथे अजून पायच. ढान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पंधरावीस घरं आहेत, त्यांच्या अंगणात रीलवाले नकोत. उतरताना माझे इंदूरच्या सेलमधले बूट दोनदा घसरले, दुसऱ्यांदा मी बसूनच पाच-सहा फूट खाली गेलो आणि पँटची शिवण तिथेच सोडून आलो. पुढचे दोन दिवस शर्ट बाहेर काढून फिरलो.

घर मातीचं, कौलारू, भिंती पांढऱ्या मातीने सारवलेल्या आणि खालून हातभर गेरूचा पट्टा. घरात दद्दा, त्यांची बायको जिला सगळे अम्मा म्हणतात, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. छपरावर सोलरची एक पाटी, तिच्यावर दोन दिवे आणि मोबाईल. नेटवर्क मात्र एकाच खडकावर, तिथे संध्याकाळी पोरांची रांग लागते, अगदी आपल्या सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडूवाल्यापुढे लागते तशी.

मुलाला मी इंदूरचा म्हटल्यावर तो हसायलाच लागला. तो बायपासच्या एका बिल्डिंगवर आठ महिने काम करून आलेला! विजयनगर माहीत, खजराना माहीत, गंगवाल बसस्टँड तर माझ्यापेक्षा चांगला माहीत. दर वर्षी गव्हाच्या कापणीला ढान्यातली निम्मी माणसं नर्मदापुरमकडे जातात, म्हणजे या लोकांचं आणि बाहेरच्या जगाचं काय नातं आहे ते मजुरीच्या हिशेबासकट त्यांना तोंडपाठ आहे. "जगापासून तुटलेले" म्हणणाऱ्यांनी त्याच्या ठेकेदाराकडे राहिलेली दोन हप्त्यांची मजुरी आधी मिळवून द्यावी. त्याने मला पहिला प्रश्न काय विचारला तर, "जीरावन लाए क्या?" आणि नशीब बघा, मी शेव आणि जीरावनची (पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला) पाकिटं भेट म्हणून खरंच नेली होती. रात्री मक्याची भाकरी, निखाऱ्यावर भाजलेल्या टमाट्याची पाट्यावर वाटलेली चटणी, आणि त्यावर त्याने स्वतःच्या हाताने जीरावन भुरभुरलं. अम्माने एक घास खाऊन पाकीट लांब सरकवलं.

सकाळी पेज. हो, पेजच म्हणतात, मक्याची किंवा कुटकीची पातळ आंबील, कामावर जायच्या आधी वाटीभर पिऊन निघायचं. कोकणात पेज असते हे आम्ही इंदूरवाल्यांनी नुसतं ऐकलेलं, चार पिढ्या माळव्यात गेल्यावर कोकण कॅलेंडरवरच राहिलं. आपल्या भाषेतला शब्द असा सातपुड्याच्या तळाशी एखाद्या अम्माच्या तोंडून ऐकला की गंमत वाटते.

सूर्याचं एकदाचं सांगून टाकतो, कारण आल्यावर सगळ्यांनी तेच विचारलं. मी घड्याळ लावून बघितलं. सातला चांगला उजेड होता, आठला समोरच्या कड्याच्या माथ्यावर ऊन होतं आणि ते कडा उतरत उतरत आमच्या अंगणात आलं सव्वानऊला. संध्याकाळी साडेचारला मागच्या कड्याने ते परत घेतलं. म्हणजे ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं, पण उजेड भरपूर, काळोखबिळोख काही नाही. ऐन एप्रिलमध्ये इंदूर तापलेलं असताना दुपारी साडेचारलाच अंगणात सावली, हे तर मला वरदानच वाटलं. थंडीत मात्र हाल होतात, असं सून म्हणाली, वाळवणं वाळत नाहीत.

मोहाचे शेवटचे दिवस होते. पहाटे साडेचारला दद्दांनी हाक मारली, टॉर्च घेऊन निघालो. जंगल सरकारचं पण झाड कोणाचं हे ठरलेलं, दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वाकत नाही. झाडाखालचा पाला आधीच जाळून जमीन साफ केलेली असते म्हणजे फुलं नजरेत भरतात. आणि मग बसायचं गप्प. टप्. थोड्या वेळाने परत टप्. फूल काय म्हणायचं त्याला, पिवळट पांढरा रसाळ मणी, पोकळ, तोंडात टाकला तर आधी गोड आणि मागाहून एक उग्र वास नाकात चढतो. तासाभरात माझी अर्धी टोपली झाली, आठ वर्षांच्या नातवाच्या दोन. तो माझ्या टोपलीत बघून काही बोलला नाही, नुसता स्वतःच्या टोपलीतली एक ओंजळ माझ्यात टाकून पुढे गेला. हीच फुलं अंगणात वाळली की मनुक्यासारखी तांबडी होतात. विकायची, थोडी दारूला ठेवायची, आणि पूर्वी वाईट वर्षात तर हाच आहार, मोहाची फुलं आणि आंब्याच्या कोयीतल्या गराचं पीठ.

आणि मग माझी चारोळी. तिकडे फळाला नाव अचार, झाडही अचार, आतला दाणा तेवढा चिरोंजी. नवीन फळ अजून झाडावर हिरवं होतं, पण अम्माकडे गेल्या सालच्या वाळलेल्या गुठळ्या म्हणजे बिया होत्या, मटारापेक्षा जरा लहान, दगडासारख्या. पाट्यावर मूठभर पसरायच्या, वरून दुसरा चपटा दगड ठेवायचा आणि हलकेच फिरवायचा. सगळी गोम त्या हलकेच मध्ये. कमी दाबलं तर गुठळी फुटतच नाही, जास्त दाबलं तर आत दाण्याचा भुगा. अम्मा बघतसुद्धा नव्हती, सुनेशी बोलत होती आणि तळव्याला कळत होतं कुठे थांबायचं ते. मग सुपात घेऊन पाखडायचं, टरफल उडतं, दाणा राहतो. मला करायला दिलं. पहिल्या घाण्याला मी पीठ केलं. दुसऱ्याला तुकडे. अम्मा पोट धरून हसली आणि म्हणाली की ऐसी चिरोंजी व्यापारी छुएगा भी नहीं. अख्खी सकाळ तिघांनी बसून जेमतेम दोन वाट्या निघाल्या, त्यातही सुनेचं एक बोट चेपलं.

अम्माच्या तरुणपणी छिंदीच्या बाजारात व्यापारी चिरोंजी घ्यायचा आणि तेवढंच मीठ मोजून द्यायचा. वजनाला वजन. मी विचारलं, राग नाही येत? ती म्हणाली, नमक तो लगता ही था.

दद्दा रात्री गोष्टी सांगतात. रावणाचा मुलगा मेघनाद महादेवाची आराधना करून इथूनच पाताळात गेला, म्हणून हे पातालकोट, आणि या भागात गोंड लोक होळीच्या सुमारास मेघनादाची पूजा करतात ती अजून चालू आहे. दुसरी गोष्ट ऐकून मी उठूनच बसलो. नागपूरचा राजा इंग्रजांपासून पळून इथे लपला होता म्हणे, त्याच्या नावाची गुहा आहे, राजाखोह. म्हणजे आपले आप्पासाहेब भोसले! नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई हरले, १८१८ मध्ये इंग्रज त्यांना अलाहाबादला नेत असताना वाटेतून निसटले आणि महादेवाच्या डोंगरांत गोंड सरदारांच्या आसऱ्याला आले, हे इतिहासातलंच आहे. गुहा दद्दांच्या आज्याच्या गोष्टीतली, डोंगर इतिहासातला. मी दद्दांना सांगितलं की तो राजा आमच्या मराठी लोकांचा. दद्दा म्हणाले, मग त्याला खायला कोणी घातलं असेल ते पण लिही.

लिहिलं.

२०१९ मध्ये पातालकोट जैवविविधता वारसास्थळ जाहीर झालं, वनहक्क कायद्याखाली भारियांना इथले अधिवासाचे हक्कही मिळालेत. चांगलंच आहे. पण दुपारी सून झिरियावर पाण्याला निघाली तेव्हा मी हौसेने एक हंडा घेतला. झिरिया म्हणजे खडकाच्या पायथ्याशी खणलेला खड्डा, त्यात झिरपून येईल तेवढं पाणी वाटीने भरायचं. हंडा भरायला पंचवीस मिनिटं लागली. मागे एका पावसाळ्यात तिची बाळंतपणाची वेळ आली तेव्हा चार जणांनी तिला खाटेवर घालून कडा चढवला, हे तिने वाटी भरता भरता सांगितलं, बसचं तिकीट सांगावं तसं. मूल वर रस्त्याला लागताच झालं. तीच ती धाकटी, माझ्या पिशवीतली शेव संपवणारी.

दरीतून दूधी नदी वाहते, ती पुढे नर्मदेला मिळते. आणि आमच्या इंदूरला १९७८ पासून नर्मदेचं पाणी येतं, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सत्तरेक किलोमीटर लांबून, घाट वर चढवून. म्हणजे या कढईतलं पाणी काही अंशी आमच्या टाकीत. हे मी मुलाला मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्याला ठाऊक होतं. बिल्डिंगवर असताना नळ चालू ठेवून तो साइट धुवायचा, तेव्हा त्याला घरच्या झिरियाची आठवण यायची म्हणाला.

निघताना अर्धा किलो चिरोंजी विकत मागितली. व्यापारी काय देतो विचारलं, त्यांनी आकडा सांगितला. सियागंजाचा आकडा मला माहीत होता, तो मी सांगितला नाही. दोन्हीच्या मधला काहीतरी देऊन मी स्वतःवर खूश झालो, ती खुशी मटकुलीपर्यंत टिकली. चढायला तीन तास लागले. परतीच्या डब्यात माझ्या पिशवीतल्या वाळलेल्या मोहाचा वास येऊन समोरच्या काकूंनी नाकाला पदर लावला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी पिशवी उघडून दाखवली, तरी त्या सरकल्या ते सरकल्याच.

घरी आईने चारोळीची पुडी उघडली, चिमूटभर दाताखाली घेतली. ताजी आहे म्हणाली. मग चष्मा लावून ताटात पसरली, बोटाने इकडेतिकडे केली.

"चांगलीय रे, पण तुकडे फार आहेत यात. बघून नाही का घ्यायची?"

"ते मी फोडलेत," म्हटलं.